दुरुस्ती : स्वतःचा चष्मा

"अर्ध्या डॉक्टरांच्या घरातल्या ना तुम्ही?" हवालदाराने उचललेलं पेन परत टेबलावर ठेवलं.

ती "हो" म्हणाली. एका हाताने तिने नाकावरचा चष्मा धरून ठेवला होता. त्याची उजवी काडी मुळापासून मोडली होती, आणि हात सोडला की चष्मा तिरका होऊन गालावर उतरायचा. तिथेच गाल सुजला होता. चष्म्याच्या दुकानात चौदा वर्षं काम करणाऱ्या बाईने असा चष्मा घालून चारचौघांत यावं, याची तिला त्याही परिस्थितीत लाज वाटत होती.

"अहो, देवमाणूस आहे तो! माझ्या आईची गोळी कुठे मिळेना, तर स्वतः शोधून घरी आणून दिली. आणि तुम्ही म्हणता मारतात?"

"मारतात."

"दारू पितात?"

"नाही. चहासुद्धा दोनदा घेत नाहीत."

"बाहेर काही भानगड?"

"नाही."

"मग कशाला मारतील?"

प्रश्न बिनतोड होता. वीस वर्षं तीही त्याचं उत्तर शोधत होती. जेवण गार होतं म्हणून. गरम होतं म्हणून. ती बोलली म्हणून, आणि कधी बोलली नाही म्हणून.

तिच्या नवऱ्याचं औषधांचं दुकान चौकात होतं. पूर्ण डॉक्टर व्हायचं त्याचं राहून गेलं होतं, पण कुणाचा खोकला, कुणाची साखर, कुणाच्या बाळाचं पोट हे सगळं त्याला तोंडपाठ असायचं, म्हणून लोकांनीच प्रेमाने त्याला अर्धे डॉक्टर करून टाकलं होतं. म्हाताऱ्या बायका रस्त्यात थांबवून त्याच्या डोक्यावर हात ठेवायच्या. तिला म्हणायच्या, "नशीब काढलंस हो बाई."

हवालदार वाईट माणूस नव्हता. त्याने पुढे वाकून, आवाज खाली आणून सांगितलं, "ताई, मोठ्या भावासारखं सांगतो. झाकली मूठ सव्वा लाखाची. दोन दिवस माहेरी जा, राग निवू द्या." मग त्याने वहीत दोन ओळी लिहिल्या आणि तिच्यासमोर सरकवल्या. डोळ्यांजवळ धरून तिने वाचलं : नवरा-बायकोत किरकोळ वाद. समज दिली.

समज कुणाला दिली, हे लिहिलं नव्हतं. तिलाच दिली होती.

बाहेर व्हरांड्यात पाण्याच्या पिंपाशी एक तरुण महिला पोलीस बाटली भरत होती. ती जवळून जाताना त्या मुलीने मान वर न करता म्हटलं, "कोर्टाच्या मागच्या जिन्याखाली नऊ नंबरची खोली. बायकांना तिथे वकील फुकट मिळतो. दोनच्या आत जा." आणि बाटलीला झाकण लावून आत निघून गेली.

ती फाटकाबाहेर येऊन उभी राहिली. डावीकडे घर, उजवीकडे कोर्ट. उद्या जावं, असं एकदा मनात आलं. पण आदल्या संध्याकाळचं डोक्यातून जात नव्हतं.

मार नवा नव्हता. त्याचीही एक रीत ठरलेली होती. आधी तो हळू आवाजात बोलायचा, मग दार लावायचा. तासाभराने स्वतःच मलम घेऊन यायचा, कापसाने पुसायचा, दुखतंय का विचारायचा. मारणारा हात आणि मलम लावणारा हात एकच, त्यामुळे वीस वर्षांत ती डॉक्टरची पायरी कधी चढली नव्हती. काल मात्र त्याने फरशीवर पडलेला तिचा चष्मा बुटाच्या टाचेखाली घेतला, रागात नव्हे, शांतपणे, काडीवर टाच फिरवत. "आता जा कामावर," म्हणाला.

तेही तिने सोसलं असतं. पण दारात लेक उभी होती. अठरा वर्षांची, बापाची लाडकी, बापासारखंच औषधशास्त्र शिकायचं ठरवलेली. तिला त्याने कधी बोटही लावलं नव्हतं. कपाळाला आठी घालून ती म्हणाली, "आई, तू त्यांना चिडवतेस कशाला?"

रात्रभर ते वाक्य तिच्या कानात राहिलं. आपलं जे झालं ते झालं, पण ही पोर हे शिकून उद्या कुणाच्या घरी जाणार?

ती उजवीकडे वळली.

*

नऊ नंबरच्या खोलीला खिडकी नव्हती. एक टेबल, तीन खुर्च्या आणि भिंतीला टेकून छतापर्यंत गेलेल्या फायली. टेबलामागे पन्नाशीची वकीलबाई डबा उघडून बसली होती.

"बसा. जेवता जेवता ऐकते, राग मानू नका. जेवायला वेगळा वेळ काढला तर ऐकायला वेळ उरत नाही. हं, सांगा. सुरुवात कधी झाली?"

तिने सांगायला सुरुवात केली. दुकानात गिऱ्हाइकाचा नंबर वाचून दाखवावा तसं, एका सुरात, तारखांसकट. लग्नानंतरचा चौथा महिना. लेक पोटात असताना. लेक शाळेत जाऊ लागली ते वर्ष. बोलताना आपल्याला रडू येत नाही याचं तिलाच आश्चर्य वाटलं. वकीलबाईचा घास मात्र एक-दोनदा हातातच थांबला.

"कागद काय आहेत? दवाखान्याचे, पोलिसांचे?"

"काही नाही. औषध घरातच मिळायचं. आणि पोलिसांचं हे आजचं." हवालदाराने वहीत काय लिहिलं ते तिने सांगितलं.

"म्हणजे तोंड दाबून बुक्क्यांचा मार, आणि वर मलमपट्टी. हुशार आहे माणूस." वकीलबाईने डबा बंद केला. "घरात आणखी कोण?"

"सासूबाई. पण त्यांना कमी ऐकू येतं. आणि मुलगी. ती माझ्या बाजूने बोलणार नाही."

"घर कुणाच्या नावावर?"

"सासूबाईंच्या."

वकीलबाईने एक उसासा सोडला आणि लगेच, सोडलाच नाही असं दाखवून, पेन उघडलं. "हे बघा ताई, आपण दोन गोष्टी मागू. एक, त्याने तुम्हाला हात लावायचा नाही, जवळ यायचं नाही. दुसरी, त्या घरात राहायचा तुमचा हक्क. नाव कुणाचंही असो, वीस वर्षं तो संसार तुम्ही केलाय. पहिली गोष्ट लवकर मिळेल. दुसरीला घाम गाळावा लागेल. आता उठा आणि आधी सरकारी दवाखान्यात जा. गाल तपासून घ्या, कागद घ्या. दोन दिवसांत हे पिवळं पडेल, आणि कोर्टाला पिवळं दिसत नाही."

ती उठली. दारापाशी पोहोचल्यावर मागून प्रश्न आला.

"आज राहणार कुठे?"

याचा विचारच तिने केला नव्हता. इतका वेळ ती जणू कुणा दुसऱ्या बाईचं काम घेऊन आली होती. आता त्या बाईला झोपायला जागा नव्हती, आणि ती बाई आपणच आहोत हे तिच्या एकदम ध्यानात आलं. ती पुन्हा खुर्चीवर बसली आणि मग मात्र रडली. वकीलबाईने तिला रडू दिलं आणि तेवढ्यात एक फोन लावला.

संध्याकाळी ती बायकांच्या आधारगृहात होती. आठ खाटा, आठ लहान कपाटं. शेजारच्या खाटेवरच्या बाईने आपल्या दोन उशांतली एक तिच्याकडे सरकवली. कुणी काही विचारलं नाही. तिथे सगळ्यांना सगळं ठाऊक होतं.

*

चार दिवसांनी तिचा दादा चष्म्याच्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहिला. नवऱ्याने त्याला फोन करून बोलावून घेतलं होतं, हे त्याच्या पहिल्या वाक्यातच कळलं.

"त्यांनी माफी मागितली माझ्याकडे. माझ्याकडे! एवढा मोठा माणूस. आणखी काय हवंय तुला?"

"दादा, मार तुला बसला होता का? तुझ्याकडे कशी माफी मागितली?"

"शब्दाला शब्द वाढवू नकोस. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात."

"आणि वेड्याने?"

दादा खिशातून रुमाल काढून उगाचच कपाळ पुसत म्हणाला, "आमच्याकडे ये चार दिवस. पण चारच. वहिनीचं तुला माहीत आहे." दादाने लहानपणी तिला खांद्यावर बसवून शाळेत नेलं होतं. त्याला तोडून बोलणं तिच्या जिवावर आलं. "नको," एवढंच ती म्हणाली. निघताना त्याने तिचा हात हातात घेतला, पण डोळ्यांकडे बघितलं नाही.

लेक फोन उचलत नव्हती. रोज दुपारी एक वाजता ती फोन लावायची, सात वेळा वाजू द्यायची, आणि कामाला लागायची.

पुढच्याच आठवड्यात नवरा दुकानात आला.

दुकान तसं लहानच. पुढे फ्रेमांची कपाटं, मधे दुरुस्तीचं टेबल, मागे तपासणीची अंधारी खोली. मालकांना सगळे काका म्हणत. पासष्टीचे, किरकोळ अंगाचे, भित्रे म्हणावेत इतके सौम्य. त्यांच्या साखरेच्या गोळ्या अर्ध्या डॉक्टरांच्याच दुकानातून यायच्या. म्हणून नवरा दारात दिसताच काका सवयीने अर्धवट उठले.

"बसा काका, बसा. मी आज गिऱ्हाईक म्हणून आलोय." पांढराशुभ्र सदरा, चेहऱ्यावर ते जगाला ठाऊक असलेलं हसू. "नंबर तपासून घ्यायचाय. बाई आहेत ना?"

दुकानात तीन माणसं बसली होती. त्यातल्या एका आजींनी त्याला ओळखलं, आपल्या गुडघ्यांची खुशाली सांगितली. नाही म्हणायचं कसं? ती आत गेली. तो मागोमाग आला आणि उंच खुर्चीवर बसला. दार लोटलं गेलं.

तिने तपासणीची जाड गोल चौकट त्याच्या कानांवर अडकवली. समोर अक्षरांचा तक्ता उजळला.

"वाचा."

"घरी चल," तो अगदी हळू, प्रेमाने म्हणाला. "पोर जेवत नाही."

तिने एक काच बसवली. "हे स्पष्ट, की मघाचं?"

"तू कुठे झोपतेस ते मला माहीत आहे. तिथे कसल्या बायका असतात, तेही माहीत आहे. उद्या लेकीचं लग्न ठरवायचं म्हटलं तर लोक काय विचारतील, कळतंय का?"

"हे स्पष्ट, की मघाचं?"

"आज चल म्हणून सांगतोय. पुन्हा सांगायला येणार नाही."

त्याने तिचं मनगट धरलं. घट्ट नाही, बाहेरून कुणी बघितलं तर वाटावं की बायकोचा हात धरलाय. त्या पकडीनंतर काय येतं ते फक्त तिला ठाऊक होतं. दुसऱ्या हाताने तिने मागे चाचपून दाराची कडी शोधली आणि दार सताड उघडलं. दुकानातला उजेड एकदम आत आला.

दारात काका उभे होते.

ते कधीपासून उभे होते कुणास ठाऊक. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ओठ हलत होते, पण शब्द फुटायला वेळ लागला.

"डॉक्टर, हात सोडा. बाईंना... बाईंना दुसरं गिऱ्हाईक आहे."

नवरा हसला. हात सोडला, चौकट काढून तिच्या हातात दिली, सदरा नीट केला. जाताना काकांच्या खांद्यावर थोपटून म्हणाला, "गोळ्या संपत आल्या असतील ना? बघू, शिल्लक असल्या तर."

तो गेला. काका स्टुलावर मट्कन बसले. मग उठून त्यांनी दुरुस्तीच्या टेबलाखालचा खण ओढला आणि आतून चार जाड वह्या काढल्या. काकांना लिहायचा नाद होता. दुकानातला दिवा बदलला तरी ते तारीख टाकायचे. दुरुस्तीला आलेल्या प्रत्येक चष्म्याची ते नोंद करत : कुणाचा, काय मोडलं, कशाने मोडलं, आणि शेवटी शेरा.

"वकीलबाईंना द्यायला पुरावा नाही, असं परवा म्हणालात ना," ते म्हणाले. "वाचा."

तिने वाचलं.

दुरुस्ती : स्वतःचा चष्मा. डावी काच. कारण, पडून. शेरा : बाईंच्या डोळ्याखाली काळंनिळं. विचारलं नाही.

दुरुस्ती : स्वतःचा चष्मा. नाकावरची पट्टी. कारण, पडून. शेरा : ओठ फाटलेला. विचारलं नाही.

दुरुस्ती : स्वतःचा चष्मा. दोन्ही काड्या. कारण, जिन्यात पडून. शेरा : चार दिवस रजा, आल्या तेव्हा मान वळत नव्हती. विचारलं नाही.

चौदा वर्षांत सतरा वेळा. प्रत्येक वेळी तारीख, आणि प्रत्येक वेळी ते दोन शब्द. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. पुरावा तिच्याच गुडघ्यांपाशी, तिच्याच टेबलाखाली, तिने कधी न उघडलेल्या वह्यांत होता.

"लिहिलं तेवढं," काका जमिनीकडे बघत म्हणाले. "विचारायची हिंमत झाली नाही. मला वाटायचं, घरचा मामला."

तिला त्यांचे पाय धरावेत असंही वाटलं आणि वही त्यांच्या अंगावर फेकावी असंही. तिने वही मिटली. मग म्हणाली, "काका, कोर्टात यावं लागेल."

"हो," काका म्हणाले. "गोळ्या दुसरीकडून आणीन."

*

पहिला आदेश खरोखरच लवकर मिळाला. नवऱ्याने तिच्या आणि चष्म्याच्या दुकानाच्या शंभर मीटरच्या आत यायचं नाही, फोन करायचा नाही, कुणाकरवी निरोप धाडायचा नाही. शिक्का मारलेला कागद घेऊन ती पोलीस ठाण्यात गेली तेव्हा हवालदाराने तो दोनदा वाचला आणि मुकाट्याने पोच लिहून दिली.

घराचा प्रश्न मात्र लांबला. एक तारीख न्यायाधीश रजेवर म्हणून गेली, दुसरी नवऱ्याचा वकील आजारी म्हणून. तिसऱ्या तारखेला सगळे हजर होते. एका बाकावर ती आणि काका, दुसऱ्यावर नवरा, लेक आणि सासूबाई. लेकीने बापाचा हात धरला होता. तिने एकदाही या बाजूला बघितलं नाही.

आधी काकांना बोलावलं. वह्या छातीशी धरून ते उभे राहिले. नवऱ्याचा वकील तरुण, तडफदार होता.

"चौदा वर्षं तुम्ही हे पाहिलंत म्हणता. मग तेव्हा काही केलं नाहीत आणि आजच का आलात?"

"लाज वाटली म्हणून."

"आणि तेव्हा?"

"तेव्हाही लाजच वाटत होती. तेव्हा बाईंऐवजी स्वतःची अब्रू सांभाळली."

मागच्या बाकावर कुणीतरी खाकरलं. वकिलाने प्रश्न बदलला आणि हातातला हुकमी पत्ता टाकला. घर सासूचं. सासूचं लेखी म्हणणं असं की सून भांडखोर आहे आणि तिला घरात ठेवायची आपली इच्छा नाही. खाली सही. वृद्ध बाईच्या मालकीच्या घरात तिच्या मनाविरुद्ध कुणाला कसं घुसवता येईल?

न्यायाधीशांनी कागद पाहिला. "आजी, ही सही तुमची?"

सासूबाई उठल्या. पंचाहत्तरीच्या, वाकलेल्या. घरात त्यांच्याशी ओरडून बोलावं लागे, आणि ओरडूनही बहुतेक वेळा "काय?" असंच उत्तर येई. म्हणून नवराच चटकन म्हणाला, "त्यांना ऐकू कमी येतं, साहेब. मी विचारतो."

"सही माझी आहे," सासूबाई म्हणाल्या. "कागद माझा नाही. सही कर म्हणाला, केली. काय लिहिलंय ते वाचून दाखवा."

कारकुनाने मोठ्या आवाजात वाचायला सुरुवात केली. सासूबाईंनी हात वर केला.

"हळू वाचलंत तरी चालेल. मला ऐकू येतं."

नवऱ्याने चमकून आईकडे बघितलं.

"सगळं ऐकू येतं. तेव्हाही येत होतं. मधली भिंत काही दगडी नाही." त्यांचा आवाज कापत होता, पण शब्द अडखळत नव्हते. "घर माझं आहे ना, साहेब? मग सून तिथे राहील. याला दुसरी जागा बघायला सांगा."

"आई!"

"ओरडू नकोस," त्या म्हणाल्या. "ऐकू येतं म्हटलं ना."

नंतर पुष्कळ वेळ कायद्याची कलमं बोलली गेली, ती तिच्या कानांपर्यंत पोहोचली नाहीत. ती लेकीकडे बघत होती. लेकीने बापाचा हात सोडला नव्हता. उलट दोन्ही हातांनी धरला होता, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

निकाल तिच्या बाजूने लागला. बाहेर आल्यावर वकीलबाईने पाठीवर थाप मारली. "सांगितलं होतं ना, घाम गाळावा लागेल. जा, घरी जा." आणि पुढच्या बाईची फाईल काखेत मारून ती घाईने जिना चढून गेली.

*

दोन महिन्यांनी ती घरात शिरली. नवरा आदल्या दिवशी पोलिसासमक्ष आपलं सामान घेऊन गेला होता. लेकही गेली होती. तिच्या खोलीत खाटेवर गादी होती, उशी नव्हती. भिंतीवरच्या कागदांच्या जागी चिकटपट्टीचे चौकोन राहिले होते.

सासूबाई स्वयंपाकघरात चहा करत होत्या. दोन कप भरून त्यांनी टेबलावर ठेवले. दोघी समोरासमोर बसल्या. आता ओरडून बोलायची गरज नव्हती, तर काय बोलावं तेच सुचेना.

"वीस वर्षं ऐकू येत होतं?" शेवटी तिने विचारलं.

"येत होतं."

"मग?"

सासूबाईंनी कप दोन्ही हातांत धरला. "तुझ्या सासऱ्यांचा आवाज ऐकण्यात माझी उमर गेली. ते गेले तेव्हा वाटलं, सुटले. मग भिंतीपलीकडून तोच आवाज यायला लागला. माझ्या पोराचा." त्यांनी कप खाली ठेवला. "बहिरी झाले की कुणी विचारत नाही, तू ऐकलंस का म्हणून."

तिला राग आला. इतका, की कप भिंतीवर फोडावासा वाटला. दाराच्या त्या बाजूला हाक ऐकणारं माणूस होतं आणि आपण वीस वर्षं ओठ चावून आवाज दाबत बसलो. पण समोर बसलेल्या बाईच्या डाव्या हाताची करंगळी जन्मापासून वाकडी आहे असं तिला नेहमी सांगण्यात आलं होतं, आणि आता त्या करंगळीकडे बघताना ते खरं वाटेना. तिने चहा संपवला. दोन्ही कप विसळून पालथे घातले. त्या दिवशी दोघी पुढे काहीच बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून गरजेपुरतं बोलू लागल्या. माफ केलं, असं तिने कधी म्हटलं नाही आणि सासूबाईंनीही माफी मागितली नाही.

महिनाभराने, रविवारी सकाळी, घंटा वाजली. दारात लेक उभी होती. बारीक झाली होती. केस नव्या तऱ्हेने बांधले होते.

"माझे शाळेचे दाखले हवेत. प्रवेशाचा फॉर्म भरायचाय."

"आत ये ना."

"नको. बाबा थांबलेत."

"कुठे?"

लेकीने मान मागे वळवली. रस्त्याच्या पार टोकाला, पाण्याच्या टाकीपाशी, स्कूटरला टेकून एक पांढरा सदरा उभा होता. इथून चेहरा दिसत नव्हता.

"तिथपर्यंत शंभर मीटर होतात," लेक म्हणाली. "त्यांनी पावलं टाकून बघितलं." मग तिचा आवाज चढला. "एवढा माणूस, आणि त्यांना रस्त्यात पावलं मोजत उभं राहावं लागतं. तुझ्यामुळे."

यावर बोलण्यासारखं तिच्याकडे वीस वर्षांचं होतं. सगळं जिभेवर आलं. लेकीची हनुवटी थरथरत होती, अगदी लहानपणी पडल्यावर थरथरायची तशी. ती आत गेली, कपाटातून फाईल काढली, एकेक कागद पुन्हा तपासला आणि बाहेर आली.

"जन्मदाखला वरच आहे. सगळ्याच्या नकला काढून घे. मूळ प्रत कुणाच्या हातात देऊ नकोस."

"कुणाच्या म्हणजे?"

"कुणाच्याही. तुझे कागद तुझ्याजवळ ठेव."

लेकीने फाईल घेतली. जायला वळली, थांबली. "आजी कशी आहे?"

"बरी आहे. झोपलीय. उठवू?"

"नको." मग फाईलवरचं नाव वाचण्यासाठी तिने डोळे बारीक केले.

"नंबर वाढलाय तुझा," ती म्हणाली. "दुकानात ये, तपासून देते. दुकानात यायला तुला कुणाची मनाई नाही."

"बघते," लेक म्हणाली. नाही म्हणाली नाही.

ती रस्त्याने चालत गेली. टाकीपाशी पोहोचल्यावर पांढऱ्या सदऱ्याने हात पुढे केला. फाईल मागितली असावी. लेकीने ती दिली की छातीशी धरली, इतक्या लांबून नीट कळलं नाही. मग त्या माणसाने डोकं वर करून घराकडे बघितलं. पूर्वी अशी नजर वळली की तिचे पाय आपोआप घरात वळायचे. आज ती चौकटीत उभी राहिली, भर उन्हात, दोन्ही हात मोकळे सोडून.

स्कूटर सुरू झाली. लेक मागे बसली. ती वळून बघेल, न बघेल. बघितलंच, तर दारात कुणीतरी उभं दिसायला हवं, म्हणून स्कूटर वळणाआड गेल्यावरही ती बराच वेळ तिथेच उभी होती.